तिच्यासाठी कराओकेवर कोणतं गाणं म्हणावं? पट्टी, ट्रॅक, माईक आणि गाण्याची निवड – संपूर्ण माहिती

लग्नसराई जवळ आली की मला हमखास एक मेसेज येतो. "दादा, हळदीच्या रात्री कराओके आहे, ती पण असणार आहे, कोणतं गाणं म्हणू?" कधी विचारणारा नुकताच साखरपुडा झालेला मुलगा असतो, तर कधी लग्नाला पंचवीस वर्षं झालेले काका असतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाईप करण्यापेक्षा सगळी माहिती एकाच ठिकाणी लिहून ठेवतो.

मी अहिल्यानगरला सावेडीत राहतो. घरच्या कार्यक्रमांना आणि मित्रमंडळींच्या मैफिलींना कराओकेचं सेटिंग लावून देतो, त्यामुळे पुरुष मंडळी गाणं कसं निवडतात हे जवळून बघितलं आहे. बहुतेक जण आपलं सगळ्यात आवडतं किंवा सगळ्यात गाजलेलं गाणं निवडतात. खरं तर दोनच प्रश्न विचारायला हवेत. हे गाणं माझ्या गळ्याला झेपतंय का? आणि इतक्या लोकांसमोर ते ऐकताना तिला बरं वाटेल का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर साधं गाणंसुद्धा लक्षात राहतं. चला तर मग, एक एक मुद्दा पाहूया.

कराओके म्हणजे नेमकं काय?

कराओके हा जपानी शब्द आहे. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हे ऑर्केस्ट्राचं छोटं रूप. म्हणजे गायकाची जागा रिकामी ठेवलेला वाद्यवृंद. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए या वादकाने १९७१ मध्ये नाणं टाकून चालणारं असं यंत्र बनवलं. त्याने त्याचं पेटंट घेतलं नाही. पुढे २००४ मध्ये त्याला गमतीच्या संशोधनासाठी दिला जाणारा इग् नोबेल पुरस्कार मिळाला, तोही शांततेचा! कारण काय, तर कराओकेमुळे लोक एकमेकांना सहन करायला शिकले.

यंत्र जपानी असलं तरी प्रेमाचं गाणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) आपल्या संगमनेरचे. लावण्या आणि फटके दोन्हींसाठी त्यांचं नाव घेतलं जातं. असं सांगतात की, अहिल्यादेवी होळकरांनी त्यांची कानउघाडणी केली आणि त्यानंतर त्यांनी आपली कला वेगळ्या वळणाला लावली. अहिल्यादेवींचा जन्म १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा. ही आख्यायिका आहे, पण आपल्या कामाची आहे. समोर कोण बसलंय यावर काय गायचं ते ठरतं, हे फंदींनाही चुकलं नाही.

पायरी १ : आधी आपली पट्टी ओळखा

गाणं निवडण्याआधी हे दहा मिनिटांचं काम करा.

१. मोबाईलवर कोणतंही मोफत ट्यूनर अॅप घ्या. गिटार लावायला वापरतात तेच.
२. शांत खोलीत 'आ' म्हणत हळूहळू खाली जा. आवाज नुसता घरघरायला लागला की थांबा. त्याच्या आधीचा सूर लिहून ठेवा.
३. आता वर जा. मान ताणली जाते किंवा आवाज फाटतो तिथे थांबा. त्याच्या एक-दोन पट्ट्या खालचा सूर हा तुमचा खरा वरचा सूर. फाटण्याच्या काठावरचा सूर खोलीत लागतो, पण माणसांसमोर लागत नाही.

अॅपमध्ये इंग्रजी अक्षरं दिसतात. पेटीच्या भाषेत त्यांचे अर्थ असे :

- सी = पांढरी १, सी शार्प = काळी १
- डी = पांढरी २, डी शार्प = काळी २
- ई = पांढरी ३
- एफ = पांढरी ४, एफ शार्प = काळी ३
- जी = पांढरी ५, जी शार्प = काळी ४
- ए = पांढरी ६, ए शार्प = काळी ५
- बी = पांढरी ७

अक्षरापुढचा आकडा सप्तक दाखवतो. एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून १२ पट्ट्या असतात आणि कराओके अॅपमधलं अधिक एक किंवा उणे एक म्हणजे शेजारची एक पट्टी.

पायरी २ : मुखडा नाही, अंतरा तपासा

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. आपण गाणं मुखड्यावरून निवडतो आणि पडतो मात्र अंतऱ्यात. मुखडा अंघोळीच्या वेळी रोज गुणगुणलेला असतो. अंतऱ्याची दुसरी-तिसरी ओळ कुठपर्यंत वर जाते, हे स्टेजवर गेल्यावर कळतं. मग एकतर आवाज फाटतो, नाहीतर माणूस मध्येच खालच्या सप्तकात उतरतो.

म्हणून मूळ गाणं लावा, अंतऱ्यातला सगळ्यात उंच सूर स्वतः गुणगुणा आणि ट्यूनरवर बघा. समजा तुमचा आरामात लागणारा वरचा सूर एफ ४ आहे आणि गाणं जी ४ पर्यंत जातंय. मग ट्रॅक दोन पट्ट्या खाली घ्या. काम झालं.

मात्र खाली उतरवायलाही मर्यादा आहे. दोन-तीन पट्ट्यांपर्यंत ठीक. त्यापुढे तबला डबा वाजवल्यासारखा येतो आणि बासरी ओळखू येत नाही. चार-पाच पट्ट्या उतरवाव्या लागत असतील तर ते गाणं तुमचं नाही. दुसरं घ्या. यात कमीपणा काही नाही.

पायरी ३ : ट्रॅकची पट्टी कशी बदलायची?

एक गैरसमज आधी दूर करतो. यूट्यूबवर प्लेबॅक स्पीड कमी केला की पट्टी खाली येते असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. यूट्यूब फक्त लय बदलतं, सूर तिथेच राहतो. पट्टी बदलायला हे पर्याय आहेत :

- ऑडॅसिटी : कॉम्प्युटरवर चालतं, मोफत आहे. ट्रॅक उघडा, सगळा सिलेक्ट करा, इफेक्टमध्ये 'चेंज पिच' निवडा आणि किती पट्ट्या ते टाका. लय आहे तशीच राहते.
- मॉइजेस : मोबाईल अॅप. पट्टीही बदलतं आणि गाण्यातून आवाजही वेगळा काढतं.
- स्मूल, स्टारमेकर : यात तयार ट्रॅक मिळतात आणि स्क्रीनवर शब्द पळतात. सरावाला चांगली आहेत. कार्यक्रमात मात्र नेटवर अवलंबून राहू नका.

शेतावर किंवा गावाबाहेरच्या लॉन्सवर रेंजचा भरवसा नसतो. पट्टी बदललेली फाईल फोनमध्ये सेव्ह करा, एक कॉपी पेन ड्राईव्हमध्ये ठेवा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. अंतऱ्यात मामाचा फोन आला की सगळी मैफल बसते.

तयार ट्रॅकच मिळत नसेल तर?

जुन्या मराठी गाण्यांच्या बाबतीत हे नेहमी होतं. गाण्यातून गायकाचा आवाज काढायची जुनी युक्ती अशी : स्टिरिओ गाण्यात गायक बहुधा मधोमध असतो, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूला सारखाच. एका बाजूतून दुसरी वजा केली की सारखं असलेलं सगळं गळून पडतं. पण मधोमध असलेला बास आणि ठेकाही त्याच्यासोबत जातो. आणि गाणं मोनो असेल तर दोन्ही बाजू एकच असतात, त्यामुळे वजाबाकी केली की नुसती शांतता उरते!

आता एआयवर चालणारी टूल्स आली आहेत. डीझर कंपनीने २०१९ मध्ये 'स्प्लीटर' सगळ्यांसाठी खुलं केलं. 'अल्टिमेट व्होकल रिमूव्हर' हेही मोफत आहे. ही टूल्स माणसाचा आवाज आणि वाद्यं यांचा फरक शिकलेली असतात, त्यामुळे मोनो गाण्यावरही चालतात. कुठे कुठे मूळ गायकाची सावली ऐकू येते, पण तुम्ही वरून गायलात की ती झाकली जाते.

पायरी ४ : गाणं निवडा

यादी देतो, पण ती नमुना म्हणून बघा. शेवटी तुमचा ट्यूनर काय सांगतो तेच खरं.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

- 'दिवस तुझे हे फुलायचे' – अरुण दाते, शब्द मंगेश पाडगावकर, संगीत यशवंत देव. चाल ठेहराव असलेली आहे, ओरडावं लागत नाही. साखरपुडा झालेल्यांना अगदी शोभतं.
- 'पल पल दिल के पास' – किशोर कुमार, 'ब्लॅकमेल', १९७३. बोलल्यासारखं गायचं गाणं. आवाज जितका मोकळा सोडाल तितकं छान.
- 'कभी कभी मेरे दिल में' – मुकेश आणि लता मंगेशकर, १९७६, संगीत खय्याम. मुकेशची गाणी तानांपेक्षा सरळ सुरांवर उभी असतात, म्हणून नवख्याला जवळची वाटतात. पण सरळ सूर हलला तर तो लगेच कळतो, तेव्हा सराव हवाच.

थोडा सराव असलेल्यांसाठी

- 'हमें तुमसे प्यार कितना' – किशोर कुमार, 'कुदरत', १९८१.
- 'चौदहवीं का चाँद हो' – मोहम्मद रफी, १९६०. कौतुकाचं गाणं आहे, पण शब्द हळुवार टाकावे लागतात.
- 'अश्विनी ये ना' – किशोर कुमार आणि अनुराधा पौडवाल, 'गंमत जंमत', १९८७. घरगुती कार्यक्रमात धमाल येते. फक्त तिचं नाव अश्विनी नसेल तर आधी विचार करा, नंतर 'ही अश्विनी कोण?' असं व्हायला नको.

जपून घ्यायची गाणी

- 'जीव रंगला' – हरिहरन आणि श्रेया घोषाल, 'जोगवा'. या गाण्यासाठी दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यावरून काय ते समजा.
- 'याड लागलं' – अजय गोगावले, 'सैराट', २०१६. गर्दी पहिल्या सेकंदाला ओरडते, आणि वरच्या सुरांना गाणारा एकटाच असतो.
- 'मन उधाण वाऱ्याचे' – शंकर महादेवन, 'अगं बाई अरेच्चा', २००४. दमसास नसेल तर दुसरी ओळ अर्धीच राहते.

युगुलगीत घेणार असाल तर

'शुक्रतारा मंद वारा' (अरुण दाते, सुधा मल्होत्रा), 'धुंदी कळ्यांना' (सुधीर फडके, आशा भोसले) किंवा 'टाईमपास'मधलं 'मला वेड लागले प्रेमाचे' (स्वप्नील बांदोडकर, केतकी माटेगावकर) ही छान निवड आहे. पण एक तांत्रिक गोष्ट विसरू नका. युगुलगीतात दोघांची पट्टी एकच असते. तुमच्या सोयीसाठी ट्रॅक तीन पट्ट्या खाली घेतला तर तिचा भागही तीन पट्ट्या खाली जातो आणि तिचा आवाज बसतो. लोक म्हणतात, "तिला जमलं नाही." म्हणून पट्टी ठरवताना तिचाही वरचा-खालचा सूर बघा आणि मधला मार्ग काढा. आणि हो, युगुलगीत आधी विचारूनच ठरवायचं. ऐनवेळी तिच्या हातात माईक देऊ नका.

पायरी ५ : शब्द शेवटपर्यंत वाचा

चाल गोड म्हणून गाणं प्रेमाचंच असतं असं नाही. एका हळदीच्या कार्यक्रमात नवरदेवाच्या मित्राने 'चन्ना मेरेया' मस्त सुरात गायलं. गाणं 'ऐ दिल है मुश्किल' या २०१६ च्या चित्रपटातलं. सिनेमात नायक ते प्रेयसीचं लग्न दुसऱ्याशी होत असताना गातो. त्याच्यासाठी ते नुसतं हिट गाणं होतं, पण समोर बसलेल्या त्याच्या होणाऱ्या बायकोचा चेहरा मी माईकच्या बाजूने बघितला. पुढचा अर्धा तास तो तिला समजावत होता.

अशी आणखी काही गाणी :

- 'तोच चंद्रमा नभात' – शब्द शांता शेळके, गायक-संगीतकार सुधीर फडके. चंद्र तोच, रात्र तीच, पण पूर्वीचं प्रेम राहिलं नाही असं ते गाणं आहे. लग्नाच्या वाढदिवसाला हे गाणं म्हणजे अवघड प्रसंग.
- 'भातुकलीच्या खेळामधली' – अरुण दाते. राजा-राणीची अर्धवट राहिलेली गोष्ट.
- 'अगर तुम साथ हो' – 'तमाशा', २०१५. नावात साथ आहे, प्रसंग तुटण्याचा आहे.

गाणी तिन्ही सुंदर आहेत. मित्रांच्या मैफिलीत जरूर म्हणा. तिला उद्देशून नको.

पायरी ६ : ती कोण आहे आणि समोर कोण बसलंय?

यूट्यूबवर 'इम्प्रेस करणारी टॉप १० गाणी' अशा याद्या ढिगाने मिळतात. त्यात हा मुद्दा नसतो, म्हणून इथे स्पष्ट लिहितो.

बायकोसाठी गात असाल तर तुम्हाला आवडणारं नाही, तिच्या आवडीचं गाणं घ्या. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुकेशचं गाणं म्हटलं. आवाज साधाच, एका ठिकाणी ठेकाही सुटला. पण ते गाणं त्यांच्या घरी रेडिओवर लागलं की काकू गॅस बारीक करून ऐकायच्या, हे सरांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या रात्री सरांपेक्षा सुरेल चौघं तरी गायले असतील, पण दुसऱ्या दिवशी बोलणं सरांचंच चाललं होतं.

साखरपुडा झाला असेल तर सासरची मंडळी समोर असणार हे धरून चाला. रूपाचं वर्णन करणारं गाणं टाळा, सोबतीचं गाणं घ्या.

आणि अजून काहीच ठरलेलं नसेल, तुम्हाला ती आवडते एवढंच असेल, तर गाणं सगळ्यांसाठी म्हणा. तिच्याकडे बोट दाखवून, तिचं नाव घेऊन किंवा तिच्यासमोर जाऊन गाऊ नका. आपल्याकडे गावात तुमच्या गाण्याची चर्चा दोन दिवस होते, पण तिच्या नावाची चर्चा वर्षभर होते. तुम्ही टाळ्या घेऊन घरी जाता, ती घरी जाऊन उत्तरं देत बसते. तिला मोकळेपणाने ऐकता आलं, आवडलं तर हसता आलं आणि नाही आवडलं तर उठून पाणी प्यायला जाता आलं, इतकी मोकळीक गाण्यात असली पाहिजे. खरी छाप यानेच पडते. तिने हसून बघितलं म्हणजे होकार दिला, असाही अर्थ काढू नका. गाणं आवडणं वेगळं आणि माणूस आवडणं वेगळं.

तिच्या परवानगीशिवाय तिचा चेहरा दिसेल असा रील टाकू नका, हेही त्यातच आलं.

पायरी ७ : माईक आणि स्पीकरच्या टिप्स

- ब्लूटूथचा उशीर : माईक फोनला जोडून ब्लूटूथ स्पीकरवर गायलात तर तुमचाच आवाज मागून ऐकू येतो आणि ठेका सुटतो. स्पीकरला वायर वापरा.
- स्पीकर असलेला ब्लूटूथ माईक : यात फक्त संगीत ब्लूटूथने येतं, तुमचा आवाज माईकमध्येच मिसळतो. त्यामुळे उशीर जाणवत नाही. घरासाठी आणि शेतावर हा चांगला.
- शिट्टी वाजते : माईकचं तोंड स्पीकरकडे नको. स्पीकर तुमच्या पुढे आणि श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. माईकची जाळी मुठीत धरू नका, त्याने शिट्टी वाढते.
- अंतर : ओठांपासून दोन-तीन बोटं. वरचा सूर आला की थोडा लांब न्या.
- इको : मंगल कार्यालयात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये आवाज आधीच घुमतो, तिथे इको जवळजवळ बंद ठेवा. उलट हुरडा पार्टीला मोकळ्या रानात भिंतीच नसतात, आवाज कोरडा लागतो. तिथे थोडा इको द्या आणि वाऱ्यासाठी माईकला स्पंजची टोपी घाला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : रात्री किती वाजेपर्यंत स्पीकर लावता येतो?
ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. तुमचं गाणं साडेनऊच्या आत उरकेल असं बघा.

प्रश्न : लग्नात गाजलेलं गाणं गायलं तर कॉपीराईट लागतो का?
कॉपीराईट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे. पण त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात तर मूळ कंपनीचा दावा येऊ शकतो.

प्रश्न : किती दिवस सराव करायचा?
एकच गाणं आठ-दहा दिवस, रोज तीन वेळा. शेवटचे दोन दिवस शब्द न बघता आणि उभं राहून. सारखं स्क्रीनकडे बघून गाणारा माणूस कोणासाठी गातोय हे कळत नाही.

प्रश्न : मध्येच चुकलो तर?
थांबू नका, सॉरी म्हणू नका. पुढच्या ओळीला पकडा. ऐकणाऱ्यांना चुकलेली ओळ आठवत नाही, थांबलेला माणूस आठवतो.

थोडक्यात

आपला वरचा सूर मोजा, अंतरा तपासा, लागेल तितकी पट्टी उतरवा, शब्द शेवटपर्यंत वाचा आणि समोर कोण आहे ते बघा. झेपणारं, तिला आवडणारं आणि कोणालाही अवघड न करणारं गाणं सापडलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे सराव. माहिती उपयोगी वाटली तर या लग्नसराईत गाणाऱ्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा, आणि त्याला अंतरा आधी म्हणून बघायला सांगा.